वंशावळीसाठी प्रोग्राम निवडून देणाऱ्या दादांना

ती. दादांना सा. न. वि. वि.

घराणं एकच, पण तुमची शाखा बडोद्याला गेली त्याला पिढ्या लोटल्या. पहिल्यांदा फोन केला तेव्हा तुम्ही मला ओळखतही नव्हता. तरीही पुढचे कितीतरी रविवार तुम्ही माझ्या शंकांसाठी राखून ठेवलेत. त्याचे आभार फोनवर मानून माझं समाधान होईना. शिवाय वडिलांच्या वह्या, सुटे कागद आणि मोडीतून उतरवलेल्या नोंदी घेऊन बसलेले लोक आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांनाही हे उपयोगी पडावं म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं, असं मी विचारलं होतं. तुम्ही नाव सांगितलंच नाही. म्हणालात, "आधी घराण्यातली सगळ्यात अवघड शाखा काढ. ती ज्यात नीट बसेल ते आपलं."

अवघड शाखा म्हणजे तासगाव तालुक्यातली. खापरपणजोबा दत्तक गेलेले, आजोबांचं लग्न मामेबहिणीशी, पणजीचं नाव सासरी आल्यावर बदललेलं आणि जन्म-मृत्यू सगळे शके आणि तिथीत. एका प्रोग्रामात दत्तक मुलाला एकच आईवडील देता येत होते, म्हणजे जन्मदात्यांचं नाव पुसायचं. दुसऱ्यात चित्र फार देखणं निघालं, पण माहिती बाहेर काढून परत आत घेतली तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ही चाचणी तुम्ही पहिल्याच आठवड्यात करून घेतलीत. हजार नावं भरून झाल्यावर हे कळलं असतं तर माझा धीरच खचला असता.

जेडकॉम म्हणजे काय, हेही तुम्हीच दाखवलंत. १९८४ पासून वंशावळीची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायला वापरतात ती ही साधी मजकुराची फाईल. तुम्ही ती नोटपॅडमध्ये उघडायला लावलीत आणि ओळीच्या सुरुवातीचे ०, १, २ हे आकडे म्हणजे कोणती माहिती कोणत्या नोंदीच्या पोटात येते त्याच्या पायऱ्या, हे समजावलंत. प्रोग्राम उद्या बंद पडला तरी ही फाईल वाचता येईल, आणि जो प्रोग्राम ती धडपणे देत नाही त्यात आयुष्याचं काम ठेवू नये, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. माझ्या मते निवडीची पहिली अट हीच.

शेवटी ग्रॅम्प्स ठरलं. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि सगळी माहिती आपल्याच संगणकावर राहते. त्यात मुलाला जन्मदाते आणि दत्तक घेणारे असे दोन्ही आईवडील जोडता आले. पणजीची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं एकाच नोंदीत बसली. शकाची दिनदर्शिका त्यात नाही, त्यावर तुम्ही सुचवलेली रीत मी अजून पाळते: तिथी जशीच्या तशी टिपणात ठेवायची आणि तारखेच्या जागी ईसवी सन. त्यातही तुम्ही बजावलंत की सरसकट ७८ मिळवू नकोस. शके १८२९ चा चैत्र १९०७ मधला, पण माघ १९०८ मधला. महिना माहीत नसेल तर "१९०७ ते १९०८ दरम्यान" असं लिहिता येतं, ते किती बरं!

गावाचंही तसंच. तासगाव आधी सातारा जिल्ह्यात, १९४९ पासून दक्षिण साताऱ्यात, आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. गावाची नोंद एकच ठेवून कोणत्या काळात ते कोणत्या जिल्ह्यात होतं हे वर्षांसकट लिहिता आलं, तेव्हा वडिलांच्या वहीतल्या कितीतरी पत्त्यांचा उलगडा झाला. प्रत्येक नोंदीला पुरावाही जोडला. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतलं नाव वेगळं, आत्याच्या तोंडून ऐकलेलं वेगळं, आणि कशावर किती भरवसा ठेवायचा तेही शेजारीच नोंदवलं.

सगळ्यात मोठे आभार मात्र मुलींसाठी. जुन्या वंशावळीत बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे. लेकी नाहीतच, सुनाही क्वचित. "जागा आहे तर रिकामी का ठेवायची?" असं तुम्ही म्हणालात, आणि मी आत्यांना, आतेभावंडांना फोन करत सुटले. आता या झाडात लेकींची लेकरंही आहेत. आईनं स्वतःचं नाव पडद्यावर बोट ठेवून वाचलं.

दिवाळीतल्या संमेलनासाठी मोठा तक्ता पीडीएफ करून फ्लेक्सवर छापायला दिला आहे. पेन ड्राइव्हवर वाटायची पानं हयात माणसांना वगळूनच तयार केली, तुम्ही सांगितलं होतं तसं. तुम्हाला मात्र पूर्ण फाईल पाठवते आहे. बडोद्याच्या शाखेत तुमच्या आजोबांच्या बहिणींची नावं अजून रिकामी आहेत. काकूंना विचारून तेवढी भरून पाठवा.

तुमची,
साताऱ्याची बहीण