रजा आत्ता टाक

कर्वेनगर, पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलणं होत नाही. तू फोन करतोस तेव्हा बाबा शेजारी बसलेले असतात, आणि ते झोपलेले असतात तेव्हा तू मीटिंगमध्ये. म्हणून लिहायला बसले. बाबांनी मला बजावलंय की त्याला यायला सांगू नकोस, त्याच्या नोकरीवर गदा येईल. मी त्यांचं ऐकणार नाहीये, आणि तसं त्यांना सांगूनही टाकलंय. तू ये. रजा टाक आणि ये, आणि ती आत्ता टाक. ‘वेळ आली की येतो’ असं तू म्हणालास, त्यावरच मला बोलायचंय.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुला दिसतात ते बाबा तयारी करून बसलेले असतात. त्याआधी दाढी होते. घरातला सदरा उतरवून इस्त्रीचा कॉलरचा शर्ट चढतो, कारण सदऱ्यात गळ्याजवळची हाडं दिसतात. पाठीला दोन उशा, खिडकीचा पडदा ओढलेला. मग तुझ्याशी क्रिकेटवर बोलतात, छोटीला गोष्ट सांगतात, हसतात. फोन ठेवला की शर्टासकट आडवे होतात ते दुपारच्या चहापर्यंत उठत नाहीत. तू म्हणतोस, ‘बाबा बरे दिसतायत.’ ते तुला बरे दिसावेत म्हणून किती खटाटोप करतात, हे मी रोज बघते.

आजाराचं नाव तुला माहीत आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो यकृतात पोचलेला, त्यामुळे ऑपरेशनचा प्रश्नच नाही. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट टाकल्यावर अंगाची खाज थांबली, रात्रीची झोप लागायला लागली. किमो आठवड्यातून एकदा, असे तीन आठवडे लागोपाठ, आणि चौथा आठवडा सुट्टीचा. जेवताना पहिल्या घासाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल द्यायची, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही. ताप १००.४ च्या वर गेला की रात्र बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. थर्मामीटर माझ्या उशाशीच असतो. डॉक्टर वर्षांची भाषा करत नाहीत, महिन्यांची करतात. त्यांनी हे बाबांसमोरच सांगितलं आणि बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

या चौथ्या आठवड्याकडे मात्र नीट लक्ष दे. किमोनंतरचे दोन-तीन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात, वरणभाताचा वाससुद्धा नको होतो. सुट्टीच्या आठवड्यात माणसात येतात. गेल्या सुट्टीत सकाळी आपणहून उठले, कपाटातली पत्र्याची पेटी काढायला लावली आणि सासवडच्या जमिनीचे कागद पलंगावर पसरून बसले. सातबारा एकीकडे, फेरफार दुसरीकडे, आजोबांच्या हातची मोडीतली एक चिठ्ठी वेगळी. पेन्सिलीने बांधाचा नकाशा काढला. हात कापत होता म्हणून रेघ वाकडी गेली, ती खोडून पुन्हा काढली. मला म्हणाले, ‘हे त्याला समोर बसवून सांगायला हवं. पूर्वेच्या बांधाचं नक्की काय ठरलं होतं ते आता फक्त मला ठाऊक आहे.’ मी म्हटलं, फोनवर सांगा. म्हणाले, ‘फोनवर होत नाही ते.’ जमीन दीड एकर आहे, तिचं मला फारसं काही वाटत नाही. पण त्या निमित्ताने त्यांना तुझ्याशी तास-दोन तास बोलायचं आहे आणि त्याला सुट्टीचा आठवडाच लागतो. पुढच्या सुट्ट्या अशाच जातील याची हमी डॉक्टरही देत नाहीत.

आता रजेचं. जिल्हा परिषदेत माझी नोकरी आस्थापना टेबलावर गेली. लोकांच्या रजा मंजुरीला ठेवणं हेच काम. आपल्याकडे अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात, म्हणून लोक ती जिवापाड साठवतात. एक गृहस्थ होते, अतिशय सरळ माणूस. आई गावाकडे वर्षभर अंथरुणाला खिळलेली. ते शनिवारी संध्याकाळच्या एसटीने जायचे आणि सोमवारी सकाळी मस्टरवर सही करायला हजर. मी त्यांना म्हणायचे, अहो, रजा शिल्लक आहे, महिनाभर जाऊन राहा. ते म्हणायचे, शेवटी लागेल तेव्हा घेतो. त्यांचा अर्ज माझ्याकडे आला तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘आईचे दिवसकार्य’ लिहिलेलं होतं. पंधरा दिवसांची रजा होती, ताबडतोब मंजूर झाली. असे अर्ज माझ्या टेबलावरून पुष्कळ गेले, आणि तुझा तसा जाऊ नये म्हणून मी तुमच्या तिकडचा कायदा वाचून काढला.

अमेरिकेचा कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा १९९३ चा आहे, तुम्ही त्याला एफएमएलए म्हणता. आई, वडील, नवरा-बायको किंवा मूल गंभीर आजारी असेल तर १२ महिन्यांत १२ आठवडे बिनपगारी रजा, आणि परत आल्यावर तीच किंवा त्याच तोलाची जागा. कंपनीत १२ महिने झालेले हवेत, मागच्या वर्षभरात १२५० तास भरलेले हवेत, आणि तुझ्या कामाच्या जागेपासून ७५ मैलांच्या आत कंपनीची ५० माणसं हवीत. हे तिन्ही तुझ्या बाबतीत बसतं. रजेच्या काळात आरोग्य विमा पूर्वीसारखाच चालू राहतो, तुझ्या वाट्याचा हप्ता तेवढा तू भरायचा. म्हणजे छोटीच्या आणि सूनबाईंच्या विम्याची चिंता नको.

पण हा कायदा जिवंत माणसाच्या शुश्रूषेसाठी आहे. माणूस गेल्यावर त्यातला एक दिवसही मिळत नाही. नंतर कंपनी आपल्या धोरणाप्रमाणे देईल ते दोन-चार दिवस, आणि डॅलसहून मुंबई आणि मुंबईहून पुणे करण्यातच त्यातले दोन जातात. तू शेवटासाठी म्हणून जी रजा राखून ठेवतोयस, ती शेवटानंतर तुझ्या हातात नसेल. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून बराच वेळ बसून राहिले.

दुसरं असं की ही रजा एका दमात घ्यावी लागत नाही. आजारपणामुळे तशी गरज असेल तर तुकड्यातुकड्याने घेता येते. मी तुझ्यासाठी असा विचार केलाय: आत्ता तीन आठवडे ये, मधे सुट्टीचा आठवडा येईल अशा बेताने. बाकीचे आठवडे हातात ठेव. तुझी साठलेली पगारी रजा कंपनी याच काळात लावू शकते. ती लावू दे, तेवढाच पगार चालू राहील. कॅलिफोर्नियात राज्याकडून पगाराचा काही भाग आठ आठवडे मिळतो, टेक्सासमध्ये तशी सोय नाही. घराच्या हप्त्याचा तुझ्यावर भार आहे हे मला कळतं. तिकीट बाबांच्या खात्यातून काढायचं, त्यावर वाद घालू नकोस. त्या पैशाचा याहून चांगला उपयोग त्यांना सुचलेला नाही, हे त्यांचेच शब्द.

फॉर्म असतो, डब्ल्यूएच-३८०-एफ नावाचा, किंवा कंपनीचा स्वतःचा. त्यात एक भाग डॉक्टरांनी भरायचा. परदेशात राहणाऱ्या आईवडिलांसाठी तिथल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र कंपनीने स्वीकारलंच पाहिजे, असं नियमात आहे. आपले डॉक्टर इंग्रजीतच लिहितात, तेव्हा भाषांतराची भानगड नाही. परत द्यायला निदान पंधरा दिवस मिळतात. फॉर्ममध्ये एक गोष्ट मी डॉक्टरांकडून नीट लिहून घेणार आहे: गरज अधूनमधून पडणार आहे आणि साधारण किती वेळा. तेवढं राहिलं तर पुढच्या खेपेला पुन्हा सगळं नव्याने करावं लागेल. असे रकाने रिकामे राहिल्यामुळे लोकांच्या फायली कशा अडकतात, ते मी आयुष्यभर पाहिलंय.

शुश्रूषा म्हणजे फक्त अंग पुसणं आणि औषध देणं, असंही त्या नियमात धरलेलं नाही. आजारी माणसाला धीर देणं त्यात येतं. आधीपासून जो सांभाळतोय त्याच्या जागी काही दिवस उभं राहणं, हेही येतं. म्हणजे मी. बाळा, मला रात्रीची सलग झोप हवी आहे. रात्री बाबा कुशीवर वळले तरी मला जाग येते. तू आलास की थर्मामीटर तुझ्या उशाशी जाईल. मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये, तुझी गरज कुठे आहे ते तुला कळावं म्हणून लिहितेय.

तू म्हणशील, पुण्यातूनच काम करतो, रजा वाचेल. सोसायटीतल्या एकींचा मुलगा असाच आला होता. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ. पहाटेपर्यंत तो आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि सकाळी, आई ताजीतवानी असायची तेव्हा, तो झोपलेला. एका घरात राहून दोघांची गाठ जेवणापुरती. बाबांची वेळ सकाळी नऊ ते अकरा. तेवढीच. त्या वेळेला तू जागा आणि मोकळा हवास. लॅपटॉप आणलास तरी बॅगेत राहू दे.

व्हिसाचं तू जास्त जाणतोस, पण तीन गोष्टी कंपनीच्या वकिलाकडून लेखी घे. पासपोर्टवरचा एच-वन-बीचा, म्हणजे तुझ्या नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का परतीच्या तारखेला चालू असेल का. नसेल तर मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळवावी लागेल, आणि ती मिळेपर्यंत इथे अडकशील, तर तो हिशेब आधीच करायला हवा. दुसरं, आजारी नातेवाइकासाठी स्वतःहून मागितलेल्या रजेत पगार मिळाला नाही तरी व्हिसाची अट मोडत नाही. नियमात हेच उदाहरण दिलंय, तरी कागदावर असू दे. तिसरं, रजेचं मंजुरीपत्र येताना बरोबर ठेव. साहेब तोंडी ‘जाऊन ये’ म्हणाले, त्यावर विमानात बसू नकोस. साहेब बदलतात.

सूनबाईंना सांग, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. तो कायदा सासू-सासऱ्यांसाठी रजा देत नाही, मी मुद्दाम शोधलं. सासऱ्यांची सेवा इथे तिच्या वाट्याला आली असती, तिथे कायदा ती मोजतच नाही, याचं मला वाईट वाटलं. पण ती तिथे घर आणि छोटीला सांभाळणार म्हणून तू येऊ शकतोस, आणि बाबा ते जाणून आहेत. दोघींना पुढच्या खेपेला आण, छोटीला सर्दी-खोकला नसेल तेव्हा. बाबांना संसर्ग परवडणार नाही.

तू आल्यावर एक ठरवायचं आहे, ते मला एकटीला ठरवायचं नाहीये. या फेऱ्यांनंतर पुन्हा स्कॅन होईल. औषध लागू पडत नसेल तर किमो चालू ठेवायची की थांबवायची, हे बाबा ठरवतील, पण आपण दोघं शेजारी असताना त्यांनी ठरवावं. मी वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर बघून आले. १९९७ पासून आहे, पेशंटकडून पैसे घेत नाहीत, आणि घरचं माणूस पेशंटबरोबर राहतं. वेदना, मळमळ, धाप यावर उपचार करतात, आणि घरी कसं सांभाळायचं ते आपल्यालाही शिकवतात. नातेवाइकांपैकी काहींना मी तिथे गेले हेच रुचलं नाही, ‘एवढ्यात कशाला’ म्हणाले. बाबांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तिथे झाडं आहेत का. मी म्हटलं, आहेत. म्हणाले, मुलगा आला की त्याच्याबरोबर एकदा जाऊन बघू.

नोकरीबद्दल बाबांची भीती तुझ्या भीतीपेक्षा मोठी आहे. टीव्हीवर नोकरकपातीची बातमी आली की ते तुझ्या कंपनीचं नाव येतंय का म्हणून आवाज वाढवतात. रजेवर असलेल्या माणसालाही कपातीत काढता येतं, एवढंच की रजा घेतली म्हणून काढता येत नाही. ती जोखीम आहेच, मी नाही म्हणत नाही. तू रजा घेतली नाहीस तरीही ती असणार आहे.

तेव्हा उद्या ऑफिसला गेलास की एचआरला कळव, त्यांच्याकडून फॉर्म घे आणि मला मेलवर पाठव. मी शेजारून प्रिंट काढून घेईन. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी ओपीडीत असतात, शुक्रवारी गर्दी कमी असते. त्यांच्या असिस्टंटशी बोलून ठेवलंय. पुढची सुट्टी येत्या किमोच्या तारखेवर ठरेल, ती मंगळवारी कळेल आणि त्याच रात्री तुला कळवते. मग तिकीट काढ. मुंबईहून रात्रीची गाडी करू नकोस, घाटात धुकं असतं. सकाळी निघ.

बाबांना हे पत्र वाचून दाखवलंय. पूर्वेच्या बांधाचा नकाशा ते पुन्हा नीट काढणार आहेत, त्यासाठी मोजपट्टी मागितली आहे.

तुझी,
आई