रविवार आपला, मग मावशींचा का नाही?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

घरकामाच्या बायांना सुट्टी द्यावी की नाही यावर आपल्या पेपरात पत्रं येतायत ती मी वाचतेय, त्यात महागाई, खाडे, कायदा सगळं येऊन गेलं, म्हटलं आपणही लिहावं. मी ठाण्याची, मराठी ख्रिस्ती, दर रविवारी सकाळी चर्चमध्ये भक्तीला जाणारी. आमच्यात देवाला आवडेल असं जगायचं म्हटलं की लगेच दारू सोडा, तंबाखू सोडा, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्या, रोज बायबल वाचा असं सुरू होतं. बरोबरच आहे ते, त्याला माझी ना नाही. पण आपण चर्चमध्ये गाणी म्हणत असतो तेव्हा आपल्या घरची भांडी कोण घासतंय हे मात्र कोणी विचारत नाही.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आमच्या संडेस्कूलच्या पोरांनाही पाठ असते. फक्त बहुतेकजण पहिल्या ओळीलाच थांबतात, दिवस पवित्र पाळ, झालं. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या २० व्या अध्यायात पुढे अख्खी यादी आहे, तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, नोकर, मोलकरीण, गुरंढोरं, एवढंच काय तुझ्या गावात राहणारा परका माणूससुद्धा, कोणीच काम करायचं नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात तर कारणही दिलंय, तुझ्या नोकराला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, आणि तू स्वतः मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास हे विसरू नको. मालकाला आराम करायला कोणाची आज्ञा लागते का हो? ती खरी नोकरासाठीच दिलीय.

यावर कोणी म्हणेल तो शनिवार होता, यहुद्यांचा, प्रभू येशू रविवारी मेलेल्यांतून उठला म्हणून आपण रविवार पाळतो, आणि शब्बाथावरून येशूचे परुश्यांशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी लोकांशी, वाद झालेच की. झाले ना, पण कशावरून? आजारी माणसं बरी केली म्हणून, भुकेल्या शिष्यांनी शेतातली कणसं मोडून खाल्ली म्हणून. त्याने सूट घेतली ती पिचलेल्यांसाठी, आपण घेतो ती दुपारच्या बिर्याणीसाठी.

खरं तर रविवारी आमच्याकडे काम डबल असतं. भक्तीहून येताना दोन-चार जण जेवायला, मटण, वर कोणाचा वाढदिवस, सिंक भरून वाहतं, आणि मावशींना आधीच बजावलेलं असतं की रविवारी दांडी नको हां. त्यात त्या कळव्याहून ट्रेनने येणार, रविवारी मेगाब्लॉक असला की अर्धा-पाऊण तास प्लॅटफॉर्मवरच. त्यांची पोरं त्या एका दिवशी घरी असतात आणि या आमच्याकडे. हे फक्त ख्रिस्ती घरांत होतं असं नाही, सगळ्या सोसायटीत हेच, पण आम्ही त्या दिवसाला प्रभूचा दिवस म्हणतो ना, म्हणून आम्हाला जास्त लागायला हवं.

आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती काय चर्चमुळे नाही मिळाली. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचा माणूस. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवार सुट्टीचा झाला. सरकारी साहेब लोक त्याच्या कितीतरी आधीपासून रविवारी चर्चला जात होते, आणि गिरण्यांचे भोंगे वाजतच होते. निर्गम २० मधली यादी पुरी वाचली ती लोखंड्यांनी असं मला तरी वाटतं.

घरकामाच्या बायांपर्यंत मात्र तो रविवार अजून पोचलेला नाही. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तो नोंदणी आणि मदतीच्या योजनांचा, आठवड्याची सुट्टी त्याने मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या करारात घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी हवी असं स्पष्ट लिहिलंय, भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. म्हणजे सगळं शेवटी आपल्या मर्जीवर.

नेहमीचं उत्तर येतं, आम्ही सुट्टी दिली तरी ती दुसऱ्यांकडे जाणारच ना. जाईल कदाचित, तो त्या दुसऱ्यांचा प्रश्न, आपल्या घरचा हिशोब आपल्याला द्यायचाय. आणि सुट्टी म्हणजे भरपगारी, महिन्याला चार रविवार कापून पगार दिला तर ती सुट्टी कसली? पगारावरून आठवलं, अनुवाद २४ मध्ये म्हटलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे कारण त्याचा जीव तिच्यावर असतो, आणि आपल्याकडे दहा तारीख उलटली तरी "मावशी, एटीएममध्ये जायलाच झालं नाही" चालू असतं. जीपे आलं तरी चालू आहे, बोला.

आमच्या घरी आता रविवारी कागदी प्लेट नाही तर ज्याने खाल्लं त्याने आपलं ताट घासायचं असं ठरलंय, नवऱ्याला आणि पोरांना ते अजिबात पसंत नाही, पण घासतात. ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, माझी विनंती आहे की भक्तीनंतर सूचना वाचता, सहल, लग्नं, वर्गणी, त्यात या रविवारी एवढंही विचारा की आज कोणाकोणाच्या घरी बाई कामाला आलीय, आणि हात वर करायला लावा.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)