नोंद रुग्णाच्या गावापर्यंत जाऊ द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते तेव्हा डेंग्यूचा जोर ओसरलेला असतो. मी पूर्व नागपुरात दवाखाना चालवतो. आमची खरी परीक्षा जुलैपासून दिवाळीपर्यंत असते. त्या दिवसांबद्दल दोन मागण्या आहेत.

तापाचा रुग्ण येतो, जवळच्या लॅबमध्ये डेंग्यूची झटपट कार्ड टेस्ट होते, एनएस-१ (डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन) पॉझिटिव्ह निघते. सरकारी हिशेबात हा रुग्ण ‘संशयित’. प्रयोगशाळेतल्या एलायझा या रक्तचाचणीत पक्का ठरला तरच तो डेंग्यूत मोजतात. मोजणीसाठी ते योग्यच आहे, कार्ड फसवू शकते. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि तो डास साधारण काहीशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे एक-दोन गल्ल्यांचे काम आणि हाताशी जेमतेम एक आठवडा. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांतला अहवाल येईपर्यंत थांबलो, तर शेजारच्या कूलरच्या टाकीत पुढची पिढी तयार झालेली असते. म्हणून संशयित नोंद आली की दुसऱ्याच दिवशी तिथे कंटेनर सर्व्हे, म्हणजे पाणी साठलेल्या टाक्या-भांड्यांत अळ्यांची तपासणी, झाला पाहिजे, असा नियम करा. आकडा मागाहून ठरू द्या.

दुसरी मागणी मला याहून मोठी वाटते. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचे लोक येतात, छिंदवाडा आणि बालाघाटचेही येतात. रोगाचे निदान इथे होते, रोग मात्र गावात असतो. २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने विदर्भात माणसे गेली, ते आम्ही पाहिले आहे. शेतात, गवतात काम करताना चिगर नावाची अगदी बारीक अळी चावते. काखेत, जांघेत काळी खपली पडते, पण ती दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही, आणि कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय डॉक्टरलाही दिसत नाही. वेळेत दिली तर डॉक्सिसायक्लिनची स्वस्त गोळी पुरते, बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला की फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर बेतते आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. नागपुरात निदान झाल्याचे त्याच दिवशी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळले, तर तिथला डॉक्टर पुढच्या तापाच्या रुग्णाच्या अंगावर ती खपली शोधेल. हा निरोप राज्याची हद्द ओलांडूनही गेला पाहिजे.

पोर्टल नाही असे नाही. रोगांच्या नोंदीचे केंद्र सरकारचे आयएचआयपी पोर्टल २०२१ पासून सुरू आहे. पण छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरला तिथे माहिती भरून परत काहीच मिळत नाही. क्षयरोगाचे उदाहरण पाहा. २०१२ मध्ये त्याची नोंद सक्तीची झाली, २०१८ मध्ये नोंद टाळणाऱ्यावर कारवाईची तरतूद आली. पण नुसत्या धाकावर ते चालले नाही. नोंद केली की रुग्णाला मोफत औषधे आणि पोषणासाठी पैसे मिळतात, खासगी डॉक्टरलाही मानधन आहे. तापाच्या रोगांसाठी मी पैसे मागत नाही. माझ्या भागात या आठवड्यात कोणता ताप कुठे वाढतोय, एवढा निरोप नोंद करणाऱ्याला मोबाइलवर आला तरी पुष्कळ. त्याने माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाची तपासणी बदलेल.

अधिकाराचा प्रश्न नाही. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. पण त्याच कायद्याखाली मार्च २०२० मध्ये राज्याने कोविडचे नियम काढले होते.

आणखी एक, साहेब. ज्या झोनमध्ये नोंदी वाढतील तिथल्या अधिकाऱ्याला खुलासा मागू नका, आधी माणसे आणि औषधे द्या. आकडा वाढला की बोलणी बसतात, अशी भीती खालपर्यंत पोचली तर रुग्ण कागदावर येणारच नाहीत.

अधिसूचना मेअखेर निघाली तर यंदाच्या पावसाळ्याला उपयोगी पडेल. नोंदी करायला आम्ही तयार आहोत.

आपला,
पूर्व नागपुरातील एक डॉक्टर