कॅमेऱ्यावरचं काम

मुंबई हाय, २२ मे

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन तुटला तेव्हा आईचं वाक्य अर्धवट राहिलं. "मावशी विचारत होती, पोर कॅमेऱ्यावर असते म्हणजे सिनेमाचं काम का गं, मग मी तिला..." पुढचं वाऱ्यावर गेलं. आई, तू तिला काय सांगितलंस कोण जाणे. तुलाही नीट सांगता आलं नसणार, कारण मीच कधी धड सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली. पगार सांगितला, जेवायला काय असतं ते सांगितलं, कामाचं विचारलं की "ऑफिससारखंच" म्हणून टाळलं. तू घाबरशील म्हणून. आता तुम्हा दोघांना एक गोष्ट विचारायची आहे, आणि त्याआधी काम सांगायला हवं. आमच्यातला एक उरणचा मुलगा उद्या उतरतोय, हे पत्र त्याच्या हाती देते.

बाबा, तुम्हाला समजायला सोपं आहे. ट्रॉलर होता तेव्हा मे संपता संपता तो वर घेतला की तुम्ही जे करायचात, तेच मी करते. फक्त आमची बोट वर घेता येत नाही.

मुंबई हायचं, म्हणजे भर समुद्रातल्या या क्षेत्राचं, तेल १९७४ मध्ये सापडलं आणि १९७६ मध्ये निघायला लागलं. तुम्ही तेव्हा नुकते खलाशी म्हणून चढला होतात. त्या काळापासून उभे केलेले किती तरी लोखंडी सांगाडे अजून तसेच पाण्यात उभे आहेत. साधारण पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बांधलेले, आणि बऱ्याच जणांनी ती पंचवीस वर्षं कधीच मागे टाकली. तेल अजून येतंय, म्हणून मोडता येत नाहीत. मग दर हंगामात कुणीतरी खाली जाऊन बघायचं, कुठे गंजलं, कुठे तडकलं, अजून किती वर्षं ढकलता येईल. आमच्या धंद्याला बरकत आहे ती या म्हातारपणामुळे.

तुम्ही रात्री प्लॅटफॉर्मच्या ज्या ज्योतीवर नजर ठेवून बोट हाकायचात, ती वरची बाजू. खाली पाऊणशे-ऐंशी मीटर पाणी आहे. त्यात जाड नळ्यांचे पाय आणि त्यांना तिरके टेकू, त्याला आम्ही जॅकेट म्हणतो. मी जहाजावर कंटेनरएवढ्या खोलीत बसते, समोर पाच-सहा पडदे. खाली आरओव्ही असतो. केबलला बांधलेलं बिनमाणसाचं यंत्र, त्याला दिवे, कॅमेरे आणि दोन लोखंडी हात. चालवणारा पायलट वेगळा. कुठे जायचं, कशावर थांबायचं, काय घासायचं ते मी सांगते आणि दिसेल ते माइकवर बोलून नोंदवते. आई, कॅमेरा तो हा. मावशीला सांग, नट-नट्या नाहीत, हेकरू मासे आहेत. एक मोठा हेकरू तर रोज दिव्यासमोर येऊन बसतो, त्याच्यामुळे मागचं वेल्डिंग दिसत नाही.

सगळ्यात आधी कालवं. बाबा, तुम्ही तळ खरवडताना म्हणायचात ना, बोट जड होते, डिझेल खाते. इथे लोखंड जागचं हलत नाही, पण कालवं, शिंपल्या, स्पंज चढून नळी फुगली की लाटेला अंग जास्त मिळतं आणि लाट जास्त जोर लावते. म्हणून थर किती मिलिमीटरचा ते मोजायचं आणि जास्त असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारून उतरवायचा.

मग जस्त. तुमच्या सुकाणूला जस्ताच्या वड्या ठोकलेल्या असायच्या. त्या झिजायच्या आणि लोखंड वाचायचं. इथे त्याच कामाला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे लांबलचक ठोकळे जॅकेटला जोडलेले आहेत. आरओव्ही एक टोकदार काडी लोखंडाला टेकवतो आणि पडद्यावर मिलिव्होल्ट उमटतात. उणे आठशेच्या पलीकडे असेल तर ठोकळे काम करताहेत. उणे साडेनऊशे दिसलं की मला चहा प्यावासा वाटतो. गेल्या महिन्यात एका कोपऱ्यात उणे सातशे साठ आलं, तर तीन वेळा काडी टेकवून बघितली, आणि मग लाल शाईत लिहिलं.

फळी कुजली का ते तुम्ही बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचात. तसलंही आहे. हे टेकू आतून पोकळ, हवेने भरलेले. कुठे आरपार तडा गेला की आत पाणी शिरतं. बाहेरून काही कळत नाही, म्हणून ध्वनिलहरी सोडून बघायचं, आत हवा आहे की पाणी.

खरा जीव अडकतो तो सांध्याशी. त्यासाठी पाणबुडे लागतात. इतक्या खोलीचं काम असलं की ते दिवसच्या दिवस जहाजावरच्या दाबाच्या टाकीत राहतात, हेलियम मिसळलेली हवा घेतात आणि बोलतात तेव्हा चिमणीसारखा आवाज येतो. पाणबुड्याने सांधा घासून चकचकीत केला, लोहचुंबक लावलं, त्यावर शाई सोडली, आणि जांभळा दिवा लावला. काळोखात हिरवी रेघ उजळली, म्हणजे तडा. केसाएवढी, बोटभर लांब. खोलीत कुणी बोलेना. मी म्हटलं, "परत पुसा, परत शाई सोडा." रेघ परत तिथेच आली. त्या सांध्याचं आता ग्राइंडिंग होईल, नाहीतर पट्टा बसवतील, ते वरचे ठरवतील. पण ती रेघ मला झोपेतही दिसते हे तुम्हालाच सांगते.

आणखी एक. बेचाळीस मीटरवर एका टेकूला जाळं गुंडाळलेलं होतं. हिरवं नायलॉन, पांढरे फ्लोट, आत एक तांबोशी अडकून मेलेली. जाळं मधे एकदा फाटून सांधलेलं होतं आणि गाठी आपल्याकडे मारतात तशा होत्या. मी माइकवर म्हटलं, "मासेमारीचं जाळं, अंदाजे सहा मीटर, सांगाड्याला इजा नाही." जाळ्याच्या इजेचा रकाना आमच्या फॉर्मात नाही. पाचशे मीटरच्या आत बोट येऊ देत नाहीत म्हणून तुम्ही किती शिव्या घातल्यात ते आठवतंय मला. मासळी इथेच जमते, हे मी रोज डोळ्यांनी बघते, त्यामुळे बोटी का घुसतात तेही कळतं. पण घुसू नये असंच माझं मत झालंय. रागावू नका.

त्याचं कारण २००५. आई, २६ जुलैच्या पुराच्या दुसऱ्याच दिवशी इथला एक मोठा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात कोसळला, २२ माणसं गेली. एका जखमी माणसाला वर पाठवायला जहाज जवळ आलं होतं. ते रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळावरून वर चढणारी तेल-वायूची नळी. वायू सुटला आणि पेटला. म्हणून रायझर आला की मी पायलटला घाई करू देत नाही, त्याला कितीही भूक लागली असली तरी.

आणि २०२१. १७ मे, तौक्ते वादळ. बार्ज, म्हणजे कामगारांच्या वस्तीची सपाट बोट, बुडाला, सत्तरहून जास्त माणसं गेली. आमचं जहाज आदल्या दिवशीच बंदरात आलं होतं, पण मी फोन करेपर्यंत तू अन्नाला शिवली नव्हतीस. तेव्हापासून "परत ये" म्हणतेस. मी गप्प बसते, कारण तुला देण्यासारखं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. वाऱ्याचा अंदाज आला की कुणाच्याही सांगण्याची वाट न बघता मी स्वतः तो वाचते, एवढं मात्र शिकले.

आता विचारायचं ते. मला इंग्लंडमध्ये दोन वर्षांचं काम मिळतंय, ग्रिम्सबी नावाच्या बंदरात. बाबा, ते कोळ्यांचंच गाव समजा. एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणती होती. तिथले ट्रॉलर कॉड धरायला पार आइसलँडपर्यंत जायचे. आइसलँडने आपली हद्द वाढवत दोनशे मैलांवर नेली, त्यांच्या गस्ती जहाजांनी यांच्या ट्रॉलरची जाळी कापली, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि यांचं ते पाणी गेलं. इकडे हायचं तेल निघालं त्याच वर्षी. आता ग्रिम्सबीच्या धक्क्यावरून पवनचक्क्या सांभाळणारी माणसं निघतात. हॉर्नसी वन नावाच्या समुद्रातल्या प्रकल्पाच्या १७४ चक्क्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहेत. पात्यांची टोकं इतक्या वेगाने फिरतात की पावसाचे थेंबच त्यांची कड खातात. आणि प्रवाह खांबाच्या बुडाची वाळू नेतो, डोल जाळ्याच्या खुंटाभोवती खळगा पडतो ना, अगदी तसा. ते बघायला माझ्यासारखी माणसं हवी आहेत.

आपल्याकडेही येणार आहे हे. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पाचशे-पाचशे मेगावॉटसाठी केंद्राने २०२४ मध्ये पैसे मंजूर केलेत. तोवर शिकून यावं असं वाटतं. आई, थंडी असते, पण तिथे आगीचं भय तेलासारखं नाही. लाटा मात्र आहेत, ते खोटं सांगत नाही.

लहानपणी मी ट्रॉलरवर चढायचा हट्ट धरायचे आणि आजी म्हणायची, पोरीची जात, टोपली उचल. तुम्ही काही बोलायचा नाहीत, बाबा. या वेळी बोला. हो किंवा नाही, काहीही, पण आईच्या तोंडून नको.

इथे वारं फिरायला लागलंय, हंगाम संपला. आम्ही शनिवारी बंदरात लागू, रविवारी दुपारपर्यंत मी घरी. होडी शाकारायची राहिली असेल तर झावळ्या आणून ठेवा, पण शिडीवर चढू नका, मी बांधते. सुकाणूच्या वड्याही तशाच राहू द्या, मला बघायच्यात. आई, जवळा भाजून ठेव.

तुमची,
बाय