काळा रंग मारायला नकार दिलात, त्याबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मासळी वाहणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांचं हे आभाराचं पत्र. "गाडीखाली काळं कोटिंग मारून द्या" म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही आधी नाही म्हणता. आधी धुवा, वाळवा, मग बोलू. या नकाराने कितीतरी चॅसी, म्हणजे गाडीखालचे लोखंडी सांगाडे, वाचल्या.

क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी ठिबकतं ते थेट चॅसीवर, मागच्या अ‍ॅक्सलवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की सुकलेलं मीठसुद्धा पाणी ओढून पुन्हा ओलं होतं. कोकणातल्या पावसाळ्यात म्हणजे शेडमधली गाडीही खालून ओलीच. त्यावर डांबरी कोटिंग चढवलं तर मीठ आणि ओल आत कोंडते. वरून काळंभोर, आत पत्र्याचे पापुद्रे सुटतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पोकळ आवाज ओळखायला तुम्हीच शिकवलंत.

तुमची पद्धत इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून लिहितो. काम होळीनंतर, मृगाच्या आधी. गोड्या पाण्याने प्रेशर वॉश, चॅसीच्या पोकळीतही. नोझल हबपासून (चाकाच्या मध्यापासून) आणि सांध्यांवरच्या रबरी बूटपासून (टोप्यांपासून) हातभर लांब. पाणी निघून जायची भोकं तारेने मोकळी करायची. दोन दिवस ऊन-वारा. सुटा गंज वायर ब्रशने काढायचा, उरलेला 80 नंबरच्या पॉलिश पेपरने. मग रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचा काळा घट्ट थर करणारं रसायन. गंज काळा पडला की एक दिवस थांबून इपॉक्सी प्रायमर. तो पूर्ण सुकल्यावर कोटिंगचे दोन पातळ हात. एकच जाड हात मारला तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि पुढे चिरा पडतात. पोकळीत मात्र लांब नळीने वॅक्स.

सायलेन्सर, ब्रेक ड्रम, रबरी बुश, ग्रीसचे निप्पल तुम्ही आधी झाकून घेता. मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही, कारण एका बाजूला कोटिंग चढलं की त्याचा बॅलन्स जातो. जळकं ऑईल फवारायला तुम्ही साफ मनाई केलीत, तेही बरोबरच: रबर फुगतं, सायलेन्सरजवळ पेटायची भीती, आणि ठिबकलेलं तेल शेवटी विहिरीकडेच जातं.

सगळ्यात मोठे आभार ब्रेकच्या पाईपसाठी. पाईप चॅसीला धरणाऱ्या क्लिपच्या आड मीठ साचतं. बाहेर पाईप चांगला दिसतो, क्लिपखाली खड्डे असतात. तुम्ही एकेक क्लिप काढता, चिंधीने पुसता, नखाने चाचपता. खड्डा लागला की पाईप बदलायचाच, त्यावर रंग नाही. इथे कुणाच्या घाईचं तुम्ही ऐकत नाही. परतीला आंबोली घाट उतरताना ब्रेक पक्का लागतो तो या चाचपण्यामुळे.

आता खेप टाकून आल्यावर पाण्याचा पाईप आधी गाडीखाली धरतो, बॉडी नंतर. होळीनंतर गाड्या आणतो, धुतलेल्या आणि वाळलेल्या.

तुमचे,
बंदरावरचे पिकअपवाले