परदेशातील कामाच्या परवान्याचा अर्ज भरून देणाऱ्याचे नाव अर्जावर असलेच पाहिजे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत गेल्या काही महिन्यांपासून ‘कॅनडाचे वर्क परमिट हमखास’, ‘एलएमआयए तयार, लगेच संपर्क करा’ अशा मजकुराच्या जाहिराती येत आहेत. त्यांपैकी एकीतही जाहिरात देणाऱ्याचा परवाना क्रमांक माझ्या पाहण्यात आला नाही. असतो तो फक्त मोबाईल क्रमांक. मी जिल्हा न्यायालयात अठ्ठावीस वर्षे कारकून म्हणून काम केले. वकीलपत्र दाखल केल्याशिवाय कोणी कोणाच्या वतीने उभे राहू शकत नाही, हे ज्याने रोज पाहिले त्याच्याच घरात अशी फसवणूक घडावी याचे मला फार दुःख आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझा भाचा अवजड वाहनाचा चालक आहे. एका सल्लागाराने त्याला कॅनडातील एका वाहतूक कंपनीची जॉब ऑफर दाखवली आणि एलएमआयएचा खर्च म्हणून तीन हप्त्यांत नऊ लाख रुपये घेतले. पावती एकाचीही दिली नाही. एलएमआयए म्हणजे स्थानिक माणूस मिळत नसल्याने परदेशी कामगार नेमण्यास हरकत नाही, असे तेथील केंद्र सरकारच्या रोजगार खात्याने मालकाला दिलेले पत्र. त्याचे शुल्क दर जागेमागे १,००० कॅनेडियन डॉलर असून ते मालकाने भरायचे असते आणि कामगाराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. कामगाराने स्वतः भरायचे ते परवान्याच्या अर्जाचे १५५ डॉलर आणि बोटांचे ठसे व छायाचित्र यांचे ८५ डॉलर. एवढी माहिती आम्हाला आधी असती, तर पहिल्याच हप्त्याच्या वेळी आम्ही उठून आलो असतो.

पण पैसे गेले त्याहून मोठे नुकसान पुढे झाले. सल्लागाराने अर्जाचे ऑनलाईन खाते स्वतःच्या ई-मेलवर उघडले होते. अर्जाला जोडलेले अनुभवपत्र बनावट होते, ते भाच्याने कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. व्हिसा अधिकाऱ्याने आक्षेप नोंदवून खुलासा मागवला, ते पत्र त्या ई-मेलवर आले आणि तेथेच पडून राहिले. मुदत संपल्यावर अर्ज फेटाळला गेला, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल तेथील इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली भाच्यावर पाच वर्षांची बंदी आली. अर्जावर नाव आणि जबाबदारी अर्जदाराची. सल्लागाराचे नाव कागदावर कोठेही नव्हते. नंतर आम्ही तेथील एका सनदधारक वकिलांचा सल्ला घेतला. कॅनडाबाहेर दिलेल्या निर्णयाविरुद्ध तेथील फेडरल कोर्टात दाद मागण्याची परवानगी ६० दिवसांच्या आत मागावी लागते, हे त्यांच्याकडून कळले तेव्हा ती मुदत केव्हाच उलटून गेली होती.

त्याच कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे मोबदला घेऊन अशा अर्जात सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांना आहे. तेथील प्रांतिक वकील परिषदांचे सदस्य (यात काही प्रांतांतील पॅरालीगल, म्हणजे मर्यादित कायदेशीर काम करण्याचा परवाना असलेले लोकही आले), क्युबेकमधील नोटरी, आणि २०२१ सालापासून काम करणाऱ्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक. आपल्याकडील एखादा नामांकित वकीलसुद्धा केवळ भारतातील सनदेच्या बळावर या कामाची फी घेऊ शकत नाही. नातेवाईकाने किंवा मित्राने फुकट मदत केली तर हरकत नाही, पण पैसे घेणाऱ्याचे नाव ‘प्रतिनिधीचा वापर’ या आयएमएम ५४७६ क्रमांकाच्या फॉर्मवर द्यावेच लागते. हा फॉर्म म्हणजे आपल्या वकीलपत्राचाच भाऊ आहे. ‘प्रतिनिधी दाखवला तर फाईल रखडते’ असे सांगून आमच्या सल्लागाराने तो भरूच दिला नाही. आज मला वाटते, तो नकार हाच आमच्यासाठी पुरेसा इशारा होता. परवानाधारकांची नावे नियामक संस्थेच्या आणि वकील परिषदांच्या संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. शिवाय परवानाधारक सल्लागाराला ग्राहकाशी लेखी करार करावा लागतो.

एलएमआयएची अशी विक्री होण्यामागे एक कारण होते. कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या एक्सप्रेस एंट्री पद्धतीत एलएमआयए असलेल्या नोकरीसाठी ५० किंवा काही वरिष्ठ पदांसाठी २०० जादा गुण मिळत असत. मार्च २०२५ मध्ये कॅनडा सरकारने ते गुण बंद केले. आपल्याकडील जाहिरातींत मात्र जुनेच आमिष चालू आहे.

भारतीय बाजूनेही कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. पण आमचा सल्लागार म्हणाला, ‘मी भरती करतच नाही, मी फक्त फाईल करतो’, आणि नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेऊनही त्याने नोंदणीचा प्रश्न टाळला. पंजाबने २०१२ साली कायदा करून ट्रॅव्हल एजंटांबरोबर अशा सल्लागारांनाही परवान्याच्या कक्षेत आणले. महाराष्ट्र सरकारने हा विषय हाती घ्यावा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी निदान अर्जाची कागदपत्रे पाठवण्यापूर्वी तपासून देण्याची सोय करावी, अशी माझी विनंती आहे.

आपल्या दैनिकाकडे माझे मागणे त्याहून लहान आहे. परदेशी नोकरीची किंवा कामाच्या परवान्याची जाहिरात घेताना जाहिरातदाराकडून ई-मायग्रेटचा नोंदणी क्रमांक अथवा त्या देशातील परवाना क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा. ज्याच्याकडे तो नसेल त्याची जाहिरात स्वीकारू नये.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, मिरज