लाइन लागली की नाही, ते कळलं पाहिजे ना!

काका, नमस्कार.

हे पत्र तुम्ही एनव्हीडीएवर ऐकणार, म्हणजे दृष्टिहीनांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या त्या रीडरवर, म्हणून एकही इमोजी टाकला नाही. तुम्हीच सांगितलं होतं की पोरंपोरी ओळीनं चार हसरे चेहरे टाकतात आणि रीडर बिचारा चारही वेळा त्याचं नाव वाचत बसतो. तुमचं नाव पण टाकलं नाही, तुम्हाला आवडलं नसतं. पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचे आहेत, कारण फोनवर मानले की तुम्ही "असू दे पोरी, जेवली का?" म्हणून विषयच बदलून टाकता.

तो पहिला फोन मला अजून जसाच्या तसा आठवतो. मे महिना, दुपारचे दोन-अडीच, नागपुरात शंकर नगरच्या आमच्या त्या एका खोलीच्या, वेबसाइट बनवायच्या ऑफिसात कूलर असा घरघरून राहिला होता की मला जिन्यात येऊन बोलावं लागलं. तुम्ही म्हणाले, "मॅडम, पानाच्या शेवटी तुमच्या कंपनीचं नाव आणि नंबर ऐकला म्हणून तुम्हालाच लावला." एका पॅथॉलॉजी लॅबची साइट होती ती, घरी येऊन रक्ताचा नमुना नेतात त्याच्या बुकिंगची. तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर द्यायची होती आणि फॉर्म काही केल्या जाऊन नव्हता राहिला. मी आधी नेहमीचंच बोलले, रिफ्रेश करून बघा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांबा, मला काय ऐकू येऊन राहिलं ते तुम्हीच ऐका," आणि मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरला लावला.

"एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. क्लिकेबल."

काका, तो फॉर्म मी बनवला होता. त्याच्यावर मी तीन दिवस घालवले होते, खान्यात क्लिक केलं की नाव-पत्ता हे शब्द अलगद वर सरकतात ना, ते ॲनिमेशन जमवायला. स्क्रीनवर सगळं लिहिलेलं होतं, नाव, मोबाइल, पत्ता, वेळ. पण ते शब्द आणि ते खाने कोडमध्ये एकमेकांना जोडलेलेच नव्हते, त्यामुळे तुमच्या कानाला चार रिकामे खाने आणि एक "क्लिकेबल" एवढंच येत होतं, कारण सबमिटचं बटण पण मी बटण म्हणून नाही तर साध्या डिव्हला, म्हणजे कोडमधल्या नुसत्या चौकोनाला, रंग देऊन केलं होतं. तरी तुम्ही अंदाजानं सगळं भरलं. मोबाइल नंबरच्या आधी शून्य लावला, दहाचे अकरा आकडे झाले, खान्याची कड लाल झाली, खाली लाल अक्षरात सूचना आली, आणि तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही. चार वेळा सबमिट दाबलं तुम्ही.

मग तुम्ही जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. तुम्ही बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते ना, म्हणाले, "आमच्या बोर्डावर रिसीव्हर उचलला की डायल टोन यायचा. समोरचा बोलत असला की एंगेज टोन, रिंग जात असली की रिंगचा टोन. काहीच आवाज नसला म्हणजे लाइन डेड. मला दिसत नव्हतं पण लाइनचं काय होऊन राहिलं ते मला दर सेकंदाला माहीत असायचं. तुमचं हे पान एंगेज आहे का डेड, तेच समजून नाही राहिलं."

मी लॅबला फोन करून तुमचं बुकिंग करून दिलं. वाटलं, संपलं. तुम्ही थँक्यू म्हणाले आणि लगेच विचारलं, "पुढच्या महिन्यात परत रक्त द्यायचं आहे, तेव्हा पण तुम्हालाच फोन करू का?" तुम्ही हे अगदी साधेपणानं विचारलं होतं, रागाचा लवलेश नव्हता, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी म्हटलं, काका, तुम्ही एकदा ऑफिसला याल का.

आणि तुम्ही आले! शनिवारी, त्या उन्हात, टेलिफोन एक्सचेंज स्टेशनवरून ॲक्वा लाइन पकडून शंकर नगरला, पाठीवर स्वतःचा लॅपटॉप. मी खाली घ्यायला आले तर तुम्ही मेट्रोचंच कौतुक करून राहिले होते, की जमिनीवरच्या उठावाच्या फरशा काठीला लागतात आणि डब्यात पुढचं स्टेशन सांगतात, म्हणजे कोणाला विचारत बसावं लागत नाही.

ते चार तास आम्हा पाचही जणांना कोणत्याच कोर्सनं शिकवलं नसतं ते शिकवून गेले. तुम्ही हेडफोन लावलाच नाही, म्हणाले सगळ्यांना ऐकू द्या. पहिले तर रीडर इतका भरभर बोलला की आम्हाला एक शब्द कळला नाही, तुम्ही हसून स्पीड निम्म्यावर आणला. मग एच दाबलं. काही नाही. परत एच. काही नाही. तुम्ही म्हणाले, "पेपर हातात आला की तुम्ही काय करता? आधी मथळ्यांवरून नजर फिरवता ना? मी पण तेच करतो, एच दाबत जातो, एका मथळ्यावरून दुसऱ्यावर. तुमच्या पेपरला मथळाच नाही." मथळे होते, काका, मोठे, ठळक, महागड्या फॉन्टमध्ये. पण नुसते मोठे केलेले, हेडिंगचा टॅग, म्हणजे हा मथळा आहे असं सांगणारी कोडमधली खूण, त्या पानावर कुठंच नव्हता. आणि दुसऱ्या पानांवर जिथं होता तिथं एच-एक, म्हणजे पहिल्या पातळीच्या मथळ्यानंतर, डायरेक्ट एच-चार, कारण त्याचा साइज डिझाइनला बरा दिसत होता.

लोगोच्या जागी फाइलचं नाव वाचलं गेलं. स्लायडर आपोआप फिरायचा तो तुम्ही वाचत असलेल्या जागेवरून तुम्हाला हुसकावून लावायचा. दोन लिंका "येथे क्लिक करा", दोन्हींचा आवाज सारखाच. आणि तो चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा आला तेव्हा तुम्ही फक्त हात बाजूला घेतले. तो क्षण मला फार लागला. आम्ही तो कॅप्चा यंत्राला अडवायला लावला होता आणि अडून राहिले होते तुम्ही.

मराठीच्या पानाचं तर मला अजून वाईट वाटतं. लॅबनं मुद्दाम मराठी पान मागितलं होतं, आम्ही केलं पण, पण टेम्प्लेटमध्ये वर भाषा इंग्रजी लिहिलेली ती तशीच राहिली, त्यामुळे रीडर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात ओढून राहिला होता, काहीच्या काही. मी तिथंच बसून "ईएन" खोडून "एमआर" केलं, दोन अक्षरं, बस. पान परत उघडलं आणि मराठी आवाज सुरू झाला तसे तुम्ही म्हणाले, "हं, आता बोलली!" आमचा डिझायनर उठून बाहेर गेला होता, पाणी प्यायला म्हणून. तो पाणी प्यायला गेला नव्हता, काका.

लॅबचं जुनं मराठी माहितीपत्रक मात्र तेव्हा सुटलं नाही. ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं, दिसायला मराठी, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, तर रीडर तीच वाचणार. पूर्ण सोळा पानं आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरं राहतील अशी, परत टाइप केली. एवढ्या जुन्या मराठी फाइली अशाच पडून आहेत सगळीकडे, विचार केला की छातीत धस्स होतं.

रंगाचं विचारलं तर तुम्ही म्हणाले, "ते मला काय विचारता, काकूला विचारा, तिचा मोतीबिंदू पिकायला आला आहे." काकूंना मी फोनवर साइट दाखवली, गॅलरीत, उन्हात. त्यांना राखाडी अक्षरं दिसलीच नाहीत. मोजलं तर पांढऱ्यावर आमच्या राखाडीचा कॉन्ट्रास्ट २.८५ ला १, आणि डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमांत, साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ ला १ पाहिजे. गडद केला. एवढंच काम होतं.

फॉर्म दुरुस्त करायला दोन दिवस लागले, त्यातला दीड दिवस तर चूक बोलती करण्यात गेला. लेबलं जोडली, डिव्ह काढून खरं बटण लावलं, कॅप्चा काढला, टॅबनं फिरताना आपण कुठं आहोत ते दाखवणारी चौकट आम्ही "खराब दिसते" म्हणून प्रत्येक साइटवर बंद करायचो, ती परत आणली. ती तुमच्या कामाची नाही, पण तुम्हीच तुमच्या बँकेतल्या त्या साहेबांबद्दल बोलले होते ना, ज्यांचा हात थरथरतो, माउस धरवत नाही, त्यांच्यासाठी आहे ती. चुकीच्या सूचनेला मी आरिया-लाइव्ह, म्हणजे मजकूर बदलला की रीडरला बोलायला सांगणारी कोडमधली खूण, लावलं आणि खुशीत तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणाले, "अजून गप्पच आहे पोरी." रात्री कळलं की मी तो सूचनेचा डबा चूक झाल्यावर मजकुरासकट पानात टाकून राहिले होते. तो डबा आधीपासून रिकामा पानात पाहिजे, मग त्यात मजकूर पडला की रीडर बोलतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुद्दाम अकरा आकडे टाकले आणि फोनवरून मलाच ऐकू आलं, "मोबाइल नंबर दहा आकडी असावा." तुम्ही म्हणाले, "एंगेज टोन आला." मी जिन्यातच बसून रडले.

नंतर लाइटहाउस या साइट आपोआप तपासणाऱ्या टूलमध्ये ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता येते का त्याला, शंभरपैकी शंभर आले ते पण तुम्हाला अभिमानानं सांगितलं होतं, आणि तुम्ही पाच मिनिटांत दाखवून दिलं की फोटोंना आम्ही "फोटो १", "फोटो २" अशी नावं देऊन ठेवली आहेत. मशीनला वर्णन आहे एवढंच कळतं, त्यात अर्थ आहे का ते कळत नाही. आता आमच्याकडे कोणी नुसता स्कोअर दाखवला तर पुढं जात नाही, माउस बाजूला ठेवून, स्क्रीन बंद करून फॉर्म भरून दाखवावा लागतो.

एका क्लायंटला कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असलेलं रेडीमेड विजेट हवं होतं, एक ओळ कोड टाका की साइट ॲक्सेसिबल, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणाले, "रीडर माझ्याजवळ आहे, मला त्याची सवय आहे, तुमचा दुसरा कशाला? तुम्ही फक्त खान्यांना नावं द्या." तेच वाक्य मी मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं. तरी ऐकेना तेव्हा मात्र कायदा काढावा लागला, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, आणि सुप्रीम कोर्टाचा ३० एप्रिल २०२५ चा तो केवायसीच्या केसचा निकाल, ज्यात डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या केसमध्ये डोळे मिचकावून दाखवायची अट होती. तुम्ही हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाही.

आणखी एक तुमच्यामुळं कळलं, की एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करननं सुरू केलं, मग जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, दोघंही दृष्टिहीन, आणि ते आजही फुकट आहे. म्हणजे इतकी वर्षं मी ते डाउनलोड करून एकदा माझीच साइट ऐकू शकले असते. आता नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी तेच बसवून देतो आम्ही.

पैशाचं पण उघडच लिहिते, कारण त्याच्यावरून आपलं भांडण झालं होतं. पहिल्या शनिवारचे तुम्ही काही घेतले नाही, एक प्लेट तर्री पोहे आणि चहा, बस. त्याची लाज आम्हाला अजून आहे. चार तासांचं कन्सल्टिंग होतं ते. दुसऱ्या वेळी सरांनी पाकीट दिलं तर तुम्ही म्हणाले मी काय मोठं केलं. काका, तुम्ही काय केलं ते वर इतकं लिहिलं आहे. आता प्रत्येक कोटेशनमध्ये "वापरकर्त्यांकडून तपासणी" ही ओळ वेगळी असते, क्लायंटला ती दिसते, आणि ती कापून द्या म्हटलं तर आम्ही डिझाइनमधले पैसे कापतो, ती नाही. तुम्ही पण आता बिल पाठवता, तारखेसकट, बँकेतल्या माणसासारखं. फार बरं वाटतं ते बिल पाहून.

त्या लॅबचं म्हणाल तर त्यांच्या काउंटरवरच्या ताईंनी मागच्या महिन्यात सांगितलं की तुमचं बुकिंग आता सरळ त्यांच्या यादीत येतं. मला तुमचा फोन येत नाही. म्हणजे येतो, पण जेवली का विचारायला.

तर काका, मनापासून आभार. त्या दिवशी फोन ठेवून दिला असता तरी चाललं असतं तुम्हाला, मुलाला सांगून बुकिंग करून घेतलं असतं. पण तुम्ही मोबाइल स्पीकरला लावला.

आता या शनिवारी जमेल का बघा. नवीन साइट तयार आहे, तारीख निवडायच्या कॅलेंडरमध्ये बाणानं दिवस बदलला की बोलतं, पण पुढच्या महिन्यावर गेलं की गप्प होतं, आणि मला काही केल्या सापडून नाही राहिलं कुठं तुटलं ते. लिफ्ट बंद आहे, स्टेशनवर आले की मिस कॉल द्या, मी खाली येते. काकूंना पण आणा, ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी आमचा नवा राखाडी पाहिलाच नाही.

तुमची,
जिन्यात येऊन बोलणारी पोरगी